एबी फॉर्मवर कुणाचं नाव?

विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बोळिंज येतं. एकेकाळी हा सगळा पट्टा वाड्यांचा होता. केळी, पानवेली, मोगरा आणि विहिरीचं पाणी. वाड्या अजून आहेत, पण त्यांच्या डोक्यावरून आता म्हाडाच्या उंच इमारती दिसतात. कोकण मंडळाची इथली हजारो घरं कित्येक वर्षं विकली जात नव्हती. सोडतीत नाव लागलेली माणसंही घर परत करत, कारण नळाला पाणी नव्हतं. सूर्या योजनेचं पाणी यायला लागलं तेव्हा कुठे खिडक्यांतून दिवे दिसू लागले. एका बाजूला वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांची जुनी गावं, नंदाखाल-आगाशीची चर्चेस. दुसऱ्या बाजूला घाटावरून, कोकणातून, उत्तर प्रदेश-राजस्थानातून आलेली नवी वस्ती. महापालिकेची ‘अ’ प्रभाग समिती याच बोळिंजच्या नावाने चालते. वसई-विरारचं राजकारण कुणाकुणाला सामावून घेतं आणि कुणाला बाहेर ठेवतं, हे पाहायला याहून सोयीची जागा नाही.

निवडणुकीत सगळ्यांचं लक्ष निकालाकडे असतं. मी गेली बरीच वर्षं निकालाआधीची यादी वाचत आले आहे. निकाल मतदार लावतो. यादी पक्ष लावतो. पक्षाच्या मनात काय आहे ते जाहीरनाम्यात कळत नाही, ‘लाडक्या बहिणी’च्या भाषणात तर नाहीच नाही. ते कळतं एबी फॉर्मवर. ‘ए’ फॉर्म म्हणजे सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते सांगणारा कागद, ‘बी’ म्हणजे उमेदवाराचं नाव. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले की वर्षानुवर्षांच्या समतेच्या गप्पांचा हिशेब तिथे लागतो.

वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती एकत्र आल्या. २०१० च्या पहिल्या निवडणुकीत महिलांना एक तृतीयांश जागा होत्या. २०११ मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण निम्म्यावर नेलं, आणि २०१५ च्या दुसऱ्या निवडणुकीत ११५ पैकी ५८ जागा बायकांच्या झाल्या. त्या वेळी हितेंद्र ठाकुरांच्या बहुजन विकास आघाडीने ११५ पैकी १०६ जागा जिंकल्या. विरोधी बाकं म्हणण्याइतकीही माणसं समोर उरली नाहीत. मग जून २०२० मध्ये मुदत संपली आणि शहर प्रशासकाच्या हाती गेलं, ते थेट जानेवारी २०२६ पर्यंत. साडेपाच वर्षं नगरसेवकच नव्हते. बाईचं प्रतिनिधित्व किती, या प्रश्नाला त्या काळात एकच उत्तर होतं: पुरुषाचं जेवढं तेवढंच, म्हणजे शून्य. टँकर कधी येणार आणि गटार कधी उपसणार हे विचारायचं तर ज्याची ओळख त्याने कार्यालयात जायचं. ओळखी बहुधा बाप्यांच्याच असतात.

११ नोव्हेंबर २०२५ ला आरक्षणाची सोडत निघाली. सोडत हा पाहण्यासारखा सोहळा असतो. पारदर्शक डब्यात चिठ्ठ्या, चिठ्ठी काढायला शाळेतली मुलं, आणि समोर खुर्च्यांवर श्वास रोखून बसलेले इच्छुक. चिठ्ठी उघडली की कुणाचा चेहरा पडतो, कुणी लगेच फोन कानाला लावतो. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरची चित्रं बदललेली असतात. कालपर्यंत ज्या बॅनरवर माजी नगरसेवक एकटे हात जोडून उभे होते, तिथे आज त्यांच्या शेजारी काठापदराच्या साडीत ‘सौ.’ असतात. फोटो लग्नातला नसला म्हणजे मिळवली. ‘बाई फक्त सहीपुरती’ हे वाक्य या तालुक्यात इतक्या सहज उच्चारलं जातं की त्यात काही लाज वाटण्यासारखं आहे हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

तरी सगळं खापर आरक्षणाच्या माथी फोडणाऱ्यांशी माझं जमत नाही. सहीपुरती म्हणून आलेली बाई पाच वर्षं सहीपुरतीच राहते असं नाही. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या मागे उभी राहणारी नगरसेविका तिसऱ्या वर्षी अभियंत्याला नाव घेऊन फोन करते, पाइपलाइनचा व्यास विचारते, हे ज्यांनी प्रभागात वावरून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. अडचण पुढची आहे. पुढच्या सोडतीत तो प्रभाग खुला झाला की ती शिकलेली बाई घरी जाते आणि नवरा पुन्हा उभा राहतो. सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहायला कायद्याने कुठलीच बंदी नाही. बंदी आहे ती पक्षाच्या डोक्यात: ‘तुमच्या राखीव जागा आहेत की!’ आरक्षण हे किमान असतं. पक्षांनी त्याचं कमाल करून टाकलंय.

२०२६ च्या निवडणुकीत त्यात चार सदस्यांच्या प्रभागाची भर पडली. २९ प्रभाग, ११५ जागा, बहुतेक ठिकाणी चारांतल्या दोन महिलांच्या. उमेदवारी भरायची अखेरची तारीख ३० डिसेंबर. मतदाराने यंत्रावर पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी आणि फिकट निळी अशा चार मतपत्रिका शोधून चार बटणं दाबायची. यात बाईचं काय होतं? ती पॅनेलमध्ये जाते. प्रचारपत्रकावर चार चेहरे, त्यातला एक ‘मेन’ आणि बाकीचे त्याच्यासोबत. बोळिंजसारख्या प्रभागात तर चौघांची निवडच बेरजेच्या गणितावर होते: एक गाववाला, एक टॉवरवाला, एक अमुक समाजाची, एक तमुक समाजाची. अल्पसंख्य समाजातली बाई या गणितात चांगली बसते, कारण एका नावात दोन रकाने भरतात. ती स्वतः काय म्हणते, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

निकाल लागला. भाजपने ४३ जागांपर्यंत मजल मारली, तरी ७१ जागा घेऊन आघाडीने महापालिका पुन्हा ताब्यात घेतली. नव्या सभागृहात कमीत कमी ५८ बायका आहेत. इथवर कायद्याचं राज्य. कायदा संपतो तिथून पुढे बघू.

विधानसभेच्या आजवरच्या निवडणुकांना महिला आरक्षण लागू नव्हतं, त्या याद्या काढा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तालुक्यात वसई आणि नालासोपारा हे दोन मुख्य मतदारसंघ. २००९, २०१४, २०१९, २०२४ अशा चार निवडणुका. म्हणजे बहुजन विकास आघाडीला इथे आठ उमेदवाऱ्या द्यायच्या होत्या. त्या तीन माणसांत भागल्या: नारायण मानकर एकदा, हितेंद्र ठाकूर तीनदा, क्षितिज ठाकूर चारदा. ‘बहुजन’ हा शब्द नावातच असलेल्या, महापालिकेत पन्नासेक नगरसेविका बाळगणाऱ्या पक्षाला आठांत एकही बाई दिसली नाही, एकही ख्रिस्ती दिसला नाही, एकही मुसलमान दिसला नाही. आप्पांचं, म्हणजे हितेंद्र ठाकुरांचं वजन, त्यांची माणसं जोडण्याची हातोटी, रात्री-अपरात्री फोन उचलण्याची सवय, हे सगळं मान्य. पण ज्या पक्षाची सत्ता इतकी पक्की, त्यालाच प्रयोग परवडतो. जो हरेल या भीतीने बाईला तिकीट देत नाही त्याची अडचण समजते. जो क्वचितच हरत होता त्याचं काय म्हणायचं?

विरोधकांनी वेगळं काही केलं असं मुळीच नाही. नालासोपाऱ्यात २०१४ आणि २०२४ मध्ये भाजपने राजन नाईक यांना उभं केलं. २०१९ मध्ये शिवसेनेने तर पोलीस दलातून आलेले प्रदीप शर्मा यांना मुंबईहून आणून तिकीट दिलं. स्थानिक नसलेला माणूस ‘निवडून येण्याजोगा’ वाटला, आणि इथेच जन्मलेली, इथेच पाण्यासाठी हंडा मोर्चा काढणारी बाई मात्र ‘अजून वेळ आहे’ या सदरात गेली. शर्मा हरले. पुरुषाच्या पराभवातून कुणी ‘पुरुष निवडून येत नाहीत’ असा निष्कर्ष काढत नाही, एवढंच.

गंमत अशी की वसईत हे कधीतरी घडून गेलेलं आहे. १९८० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ताराबाई वर्तक वसईच्या आमदार झाल्या. त्यानंतरच्याच, १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे डॉमनिक घोन्सालविस निवडून आले. लागोपाठच्या दोन निवडणुकांत एक बाई आणि एक ख्रिस्ती, आणि तेव्हा महिला आरक्षण हा शब्दही राज्यात रुळलेला नव्हता. १९९० मध्ये हितेंद्र ठाकूर आले आणि त्यानंतर चौतीस वर्षं वसईतून विधानसभेत ना बाई गेली, ना अल्पसंख्य. नव्या पिढीला वाटतं हे असंच चालत आलंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मालिका तुटली. भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी खुद्द हितेंद्र ठाकुरांना ३,१५३ मतांनी हरवलं. तिरंगी लढत होती. काँग्रेसचे विजय पाटील यांनीही साठ हजारांवर मतं घेतली. म्हणजे मतदाराने बाई म्हणून नाकारलं नाही, उलट सहा वेळा निवडून आलेल्या माणसासमोर तिला निवडलं. ‘बाई निवडून येत नाही’ या दाव्याला वसईपुरतं तरी इथेच उत्तर मिळालं.

तरी हा आनंद थोडा आवरून घ्यावा लागतो. ताराबाई वर्तक विरारच्या वर्तक घराण्यातल्या. अण्णासाहेब वर्तकांपासून या घराने तालुक्यात शाळा, संस्था आणि सत्ता उभ्या केल्या. २०१५ मध्ये शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या त्या प्रविणा ठाकूर, हितेंद्र ठाकुरांच्या पत्नी. स्नेहा दुबे-पंडित या श्रमजीवी संघटनेच्या विवेक पंडितांच्या कन्या, आणि पंडित स्वतः २००९ ते २०१४ वसईचे आमदार. तिघींची कर्तबगारी मी कमी लेखत नाही. चळवळीच्या घरात वाढणं हेसुद्धा शिक्षणच आहे. पण चाळीसेक वर्षांत या तालुक्यात वरच्या पायरीवर पोचलेल्या तिन्ही बायकांना दार घरातल्या माणसाने उघडून दिलेलं होतं. म्हाडाच्या संकुलात भाड्याने राहून पाण्याच्या प्रश्नावर चारशे बायका गोळा करणारीला, किंवा पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या मुंबईला नेऊन घर चालवलेल्या आजीच्या नातीला, हे दार कुठे असतं तेच माहीत नाही.

राज्याबाहेर हे दार कसं उघडलं, याचं एक उदाहरण ओडिशातलं. २०१९ च्या लोकसभेला बिजू जनता दलाने आपल्या २१ पैकी ७ जागा बायकांना दिल्या आणि त्यातल्या ५ निवडून आल्या. अस्का मतदारसंघात उमेदवारी मिळाली ती बचत गटात काम करणाऱ्या, फारशी शाळा न शिकलेल्या, सत्तरीला टेकलेल्या प्रमिला बिसोई यांना. त्या दोन लाखांवर मताधिक्याने जिंकल्या. कुठल्याही कायद्याची सक्ती नव्हती. पक्षप्रमुखाने ठरवलं आणि केलं. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला ४,१३६ उमेदवार होते. त्यात बायका ३६३. निवडून आल्या २१, म्हणजे २०१९ पेक्षा तीन कमीच. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश जागांचा कायदा गाजावाजा करून मंजूर केला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट बांधली. त्या कायद्याला हात वर करणाऱ्या पक्षांना पुढच्याच वर्षी आपापल्या यादीत तिसरा हिस्सा बायकांना द्यायला कुणी अडवलं होतं?

आता अल्पसंख्याकांकडे. इथे आरक्षण नावाची किमान रेघही नाही. घटना समितीने १९४९ मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरवलं. फाळणीच्या धगीत तो निर्णय समजण्यासारखा होता आणि अल्पसंख्य सदस्यांतल्या अनेकांनी त्याला संमतीही दिली. त्यामागे एक विश्वास गृहीत होता: पक्ष आपल्या यादीतून ही जबाबदारी घेतील. ती जबाबदारी किती निभावली गेली? २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकही मुस्लिम उमेदवाराला दिली नाही. मुस्लिमांची मतं हवीत आणि उमेदवार का नको, असं विचारत काँग्रेसचेच नसीम खान यांनी प्रचार समितीचा राजीनामा दिला. महायुतीकडून अशी अपेक्षाच कुणी करत नव्हतं. राज्यात मुस्लिमांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के, आणि विधानसभेत २८८ पैकी १० आमदार. ज्या राज्याने १९८० मध्ये अब्दुल रहमान अंतुले यांना मुख्यमंत्री केलं, तिथली ही आजची गोष्ट आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाची कथा थोडी निराळी. पाचशे वर्षांची वस्ती, मातृभाषा मराठी, स्वतःच्या बोली, शेती, सहकारी बँका, ‘सुवार्ता’सारखं मासिक. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती. त्याच फादरांनी, घोन्सालविस आणि इतरांनी हरित वसईची चळवळ उभारली तेव्हा चर्चच्या आवारात जमणाऱ्या बायकांनी मोर्चे मोठे केले. बिल्डरविरोधात, टँकरविरोधात, महापालिकेत गावं घेण्याच्या विरोधात पश्चिम पट्ट्यातली बाई रस्त्यावर उतरली नाही असं आंदोलन सापडणार नाही. महापालिकेत ख्रिस्ती नगरसेवक नेहमी राहिले, प्रकाश रॉड्रिग्ज उपमहापौरही झाले. म्हणजे ‘उप’पर्यंत वाट मोकळी. १९८५ नंतर विधानसभेला ख्रिस्ती उमेदवार अधूनमधून उभे राहिले, पण जिंकण्याच्या तयारीने कुणी मोठा पक्ष त्यांच्यामागे उभा राहिला नाही.

याचं समर्थन नेहमी एकाच तर्काने होतं. लोकसंख्या बदलली, २०११ लाच शहर बारा लाखांवर गेलं, आता ख्रिस्ती मतांवर कोण निवडून येतं? हा तर्क ऐकताना मला त्यातली कबुली जास्त ऐकू येते. ख्रिस्ती माणसाने फक्त ख्रिस्ती मतांवर निवडून यायचं, आणि ठाकूर-पाटील-नाईकांनी मात्र सगळ्यांच्या. १९८५ मध्येही ख्रिस्ती समाज काही तालुक्यात बहुसंख्य नव्हता. घोन्सालविस निवडून आले ते वाडवळ-आगऱ्यांचीही मतं घेऊन, कारण त्यांच्यामागे पक्ष होता आणि प्रश्न सगळ्यांचा होता. बोळिंजच्या नाक्यावर भाजी घेणाऱ्या कुणालाही विचारा, पाण्याच्या पाळीला धर्म असतो का.

सगळ्यात अडचणीत आहे ती या दोन्ही रकान्यांच्या मध्ये उभी असलेली बाई. ती मुस्लिम असेल किंवा ख्रिस्ती, महिला आरक्षणात तिला जागा मिळू शकते, पण पक्ष ती जागा आधी ‘आपल्या’ समाजातल्या बाईला देतो; अल्पसंख्याकांचं एखादं तिकीट निघालंच तर ते पुरुषाला जातं. सोपाऱ्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यातली किंवा आगाशीच्या ख्रिस्ती वाडीतली शिकलेली तरुणी नगरसेविकेपलीकडचं स्वप्न बघू शकेल अशी एकही वाट आजच्या पक्षांत नाही. बुरखा किंवा क्रूस बॅनरवर दिसला तर ‘समोरच्याला मुद्दा मिळेल’ अशी भीती आता उघड बोलली जाते. पूर्वी निदान आडून बोलली जायची.

महाराष्ट्राला हे जमत नाही असं म्हणायला इतिहासाचा आधार नाही. १९६३ मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबूत गावाने सबंध ग्रामपंचायत बायकांच्या हाती दिली. १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ठिकठिकाणी फक्त बायकांची पॅनेलं उभी केली; जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत ती निवडून आली. राज्याचा ३० टक्क्यांचा कायदा त्यानंतर, १९९० मध्ये आला. आधी कुणीतरी यादी करून दाखवली होती.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त एम. एस. गिल यांनी सुचवलं होतं की, ठरावीक प्रमाणात बायकांना उमेदवारी न देणाऱ्या पक्षाची मान्यताच काढावी. कुठल्याही पक्षाने ते उचलून धरलं नाही, आणि धरणारही नाही. तेव्हा हे काम स्थानिक पातळीवरच करावं लागेल, आणि २०२९ च्या विधानसभेला अजून अवकाश आहे तोवर. महापालिकेत आज बसलेल्या नगरसेविकांचा तोवर तीन वर्षांहून जास्त कारभार झालेला असेल. कुणी पाणी आणलं, कुणी सभेत तोंड उघडलं, कुणाच्या खुर्चीवर नवरा बसला, हे बोळिंजपासून वालीवपर्यंत सगळ्यांना कळेल. कार्यकर्त्यांनी, सोसायट्यांनी, महिला मंडळांनी, चर्चच्या आणि मशिदीच्या समित्यांनी आपापल्या पक्षाकडे आतापासून नावं द्यावीत, तीही लेखी. यातली एकही बाई, एकही ख्रिस्ती किंवा मुस्लिम कार्यकर्ता २०२९ च्या यादीत आला नाही, तर ‘उमेदवारच मिळाला नाही’ हे कारण ऐकून घेऊ नका.